बिरसा कुठे आलं?

आमच्या बिरसाला रेल्वे नाही. मुंबईहून घरी जायचं म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून बालाघाट आणि पुढे बैहरमार्गे बस. त्यामुळे लोकलचं मला आधी कौतुक वाटायचं, मग गर्दीची भीती वाटायला लागली.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. दोन विषय राहिले. बाबांना काय सांगणार? त्या संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी होते. गाड्या येत होत्या, जात होत्या. मी एकीतही चढले नाही.

एक महिला पोलीस जवळ आल्या. "कुठं जायचंय गं?"

"बिरसाला." तोंडातून निघूनच गेलं.

"हे कुठे आलं?"

मी सांगायला लागले. गोंदिया, बालाघाट... बैहरपर्यंत येता येता रडू फुटलं. त्यांनी बाकावर बसवलं, चहा मागवला, रूममेटला बोलावून घेतलं. मग म्हणाल्या, "कॅमेऱ्यात तू बराच वेळ एकाच जागी दिसलीस. कंट्रोल रूमने मला पाठवलं."

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. २००९-१० मध्ये वडाळ्याजवळ 'फायनल माइल' या संस्थेने एक प्रयोग केला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. मोठी वस्तू लांबून येताना डोळ्यांना हळू वाटते. पण पिवळे पट्टे गाडीखाली भराभर दिसेनासे झाले की रूळ ओलांडणाऱ्याला खरा वेग कळतो. मेट्रो ३ च्या फलाटांवर तर काचेचे दरवाजेच आहेत, गाडी थांबल्यावर उघडणारे.

"ज्याने ठरवलंय तो दुसरीकडे जाईलच की," असं आमच्यातलंच कुणीतरी एकदा म्हणालं. पण तसं होत नाही. रिचर्ड सायडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा मागोवा घेतला. १९७८ मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यांतले सुमारे ९४ टक्के एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. वाईट वेळ टळते. दरवाजा, कॅमेरा, रंगाचा पट्टा थोडा वेळ मिळवून देतात. त्या वेळात कुणीतरी बोलावं लागतं.

बाबांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "पेपर परत देता येतो ना? मग झालं." दोन्ही विषय सुटले.

मनावर फार ओझं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि प्लॅटफॉर्मवर कुणी एकटंच उभं राहून गाड्या सोडताना दिसलं, तर एवढंच विचारा: कुठं जायचंय?