कमरेचं रिव्हॉल्व्हर बदलावं का?

बोईसरच्या एका वाहतूक व्यावसायिकाच्या मनात पावसाळा सरल्यापासून एकच विचार घोळतो आहे. कमरेचं जुनं रिव्हॉल्व्हर देऊन पिस्तूल घ्यावं का?

रिव्हॉल्व्हर कानपूरच्या आयुध निर्माणीतलं, .32 बोअरचं, सहा गोळ्यांचं. तारापूर एमआयडीसीच्या रस्त्याने चालकांच्या पगाराची रोकड नेताना ते सोबत असतं. एखादी गोळी फुसकी निघाली, तर पुन्हा चाप ओढायचा. पुढची समोर येते. हा गुण मोठा आहे. पिस्तूल सपाट, शर्टाखाली सहज लपणारं. पण त्यात काडतूस अडकलं, तर स्लाइड मागे खेचून ते काढण्याचा सराव हाताला हवाच. आणि सरावाला काडतुसं आणायची कुठून? ती परवान्यावर मोजूनच मिळतात.

निवडही अरुंद आहे. 9 मिमी बोअर सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध, त्यामुळे पिस्तूलही .32चंच, ‘अशनी’सारखं. त्याची काडतुसं वेगळी. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात, म्हणजे दोन्ही ठेवणं कायद्यात बसतं. पण नव्या शस्त्राची परवान्यावर नोंद हवी, आणि त्यासाठी पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढणं आलं.

इथे शस्त्राचा खरा वैरी खारा वारा. कातडी म्यानात ओल धरते, पोलादावर गंज चढतो.

म्हणून त्याने आधी परवानाधारक कारागिराकडून नळी आणि सिलिंडर तपासून घ्यावं. सिलिंडर ढिलं नसेल, तर हाताला सवयीचं शस्त्र बदलू नये.