मुशीच्या घरी पाहुणे

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे मालवणला जाऊन आलो. कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून एस.टी. बारावीतल्या मुलीने महिनाभर आधीच हट्ट धरला होता, "पप्पा, स्नॉर्केलिंग करायचंच!" म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचा समुद्र बघायचा. मी हो म्हटले, पण मनातून हबकलो होतो. उभा जन्म रत्नागिरीत गेला, मिरकरवाडा बंदर घरापासून अर्ध्या तासावर, आणि मला पोहता येत नाही!

याची मला बरीच वर्षे लाज वाटे. पुढे कारण ध्यानात आले. कोकणातली पोरे पोहायला शिकतात ती गावच्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून. आजोबांच्या काळी त्या विहिरीला आमच्या वाडीच्या माणसाने हातही लावायचा नव्हता, मग उडी कोण मारू देणार? आजोबा शिकले नाहीत, म्हणून वडिलांना शिकवायला कोणी नव्हते. वडिलांनी मला एकच धडा दिला, "पाण्याजवळ जाऊ नको." २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावर मी दरवर्षी सभेत बोलतो. पण पाण्याची भीती माझ्या घरात तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. म्हणूनच १९८७ साली इथला २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. होडीवरच्या तरुणाने लाइफ जॅकेट घट्ट बांधून दिले. मी हळूच विचारले, "इथे शार्क असतो का?" मुलीने दाखवलेला इंग्रजी सिनेमा डोळ्यांपुढे होता. तो हसला. "काकानू, शार्क म्हणजे आपली मुशी. ती तुमकाच भियता."

खरेच की! मुशी तर आमच्या चुलीवर शिजते. बाळंतिणीला तिचे कालवण आवर्जून देतात. साफ करणाऱ्या बायकांना ठाऊक असते की तिला काटे नसतात, मऊ कूर्चा असते. जगातल्या सगळ्या शार्कचा सांगाडा असाच असतो.

शिडीवरून उतरलो. पहिल्याच श्वासाला खारे पाणी नाकातोंडात गेले. मी होडीची दोरी धरून वर आलो. "नको, मी वरच बसतो." मुलगी काही बोलली नाही, फक्त हात पुढे केला. तिच्या लहानपणी रस्ता ओलांडताना मी धरायचो, तसा तिने माझा हात धरला.

मान खाली घातली आणि दुसरे जग दिसले. पिवळेकाळे पट्टे असलेले मासे, दगडासारखे दिसणारे प्रवाळ. हे प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, बारीक जीवांची वसाहत. त्यांच्यावर पाय ठेवला की ते मोडतात, म्हणून तरुणाने आधीच बजावले होते. थोड्या वेळाने त्याने एका कपारीकडे बोट केले. तिथे तळाशी हातभर लांबीची तपकिरी मुशी निजली होती. आमची सावली पडताच शेपूट हलवून ती आत सरकली. घाबरली ती, मी नाही!

होडीत त्याने आणखी सांगितले. लक्षद्वीप, अंदमानच्या उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्क फिरतात, तेही माणसाला पाहून दूर जातात. देवमुशी हा सर्वांत मोठा मासा, पण खातो बारीक जीव. २००१ पासून तिला कायद्याचे संरक्षण आहे. बऱ्याच मुशींना पिल्ले थोडी होतात आणि ती वाढायलाही वर्षे लागतात. त्यामुळे बेसुमार मासेमारी त्यांच्या मुळावर येते. भीती तिने आपली बाळगावी, असाच हिशेब आहे.

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "पप्पा, मे महिन्यात आपण दोघे पोहायला शिकू." मी लगेच हो म्हटले. मंडळाच्या बैठकीतही विषय काढला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाडीतल्या मुलामुलींना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवायचे. तुमच्याही वाडीत हे करून पाहा. घरच्या बायाबापड्यांनाही बरोबर घ्या. पाण्याजवळ जाऊ नको, हा धडा आमच्या घरात माझ्यापाशी संपला.