नाडी चुकते आहे, वेळ चुकवू नका

दिवाळीचा आकाशकंदील काढायला नाना स्टुलावर चढले आणि एकाएकी छातीत पाखरू फडफडावे तसे झाले. खाली उतरून ते भिंतीला टेकून बसले. तासाभराने सारे शांत झाले. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तर तो अगदी व्यवस्थित! "दगदग झाली, दुसरं काय?" म्हणत नानांनी विषय संपवला.

पण तो संपला नव्हता. संक्रांतीला तेच झाले, शिमग्यालाही तेच. शेवटी चोवीस तास छातीवर होल्टर यंत्र लावले आणि दुखणे पकडले गेले. एट्रियल फिब्रिलेशन! यात हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी चालते.

"नाना, प्रश्न दोन आहेत. त्यांची गल्लत करू नका," डॉक्टर म्हणाले. "पहिला रक्ताच्या गुठळीचा आणि दुसरा ठोक्यांच्या तालाचा."

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. या विकारात तो धोका सुमारे पाचपट वाढतो. त्रास अधूनमधून होतो म्हणून हा धोका टळत नाही. नानांचे वय 67, शिवाय जुना रक्तदाब. म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी हवीच.

नानांचे उत्तर तयार होते. "वैशाखात मुलीचं लग्न आहे. ते उरकू दे, मग बघू." शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "ॲस्पिरिन घ्या, पुरे!" मुलगा म्हणाला, "बाबा, सरळ ऑपरेशन करून टाकू."

इतका वेळ गप्प असलेल्या माई तेव्हा बोलल्या. "माझ्या वडिलांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. सहा वर्षं खाटेवर होते. त्याआधी कितीदा तरी छाती धडधडते म्हणायचे, पण कुणी नाडी धरून पाहिली नाही. अहो, लग्नात कन्यादान कुणी करायचं?"

त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. ॲस्पिरिन इथे पुरेसे नसते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मूत्रपिंडाची तपासणी करून त्यांनी नव्या औषधांपैकी एक दिले. संधिवाताच्या तापाने झडप आकुंचित झाली असती, तर जुने वॉरफरिनच द्यावे लागले असते. ते घेणाऱ्याला वरचेवर रक्त तपासावे लागते आणि मेथी-पालकाचे प्रमाणही रोज सारखे ठेवावे लागते.

राहिला दुसरा प्रश्न. ठोक्यांचा वेग आवरून भागवायचे, की ताल पूर्ववत करायचा? 2002 साली 4060 रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही मार्गांनी आयुष्यमान सारखेच दिसले, म्हणून पुष्कळ वर्षे वेग आवरण्यावर समाधान मानले जाई. 2020 साली युरोपातल्या 2789 रुग्णांच्या अभ्यासाने नवी बाजू दाखवली. निदानानंतर वर्षाच्या आत ताल राखण्याचे उपचार सुरू केले, तर पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात. त्याचे एक कारण असे, की हृदय जितके दिवस थरथरते तितकी ती सवय त्याच्या अंगात मुरते. मग ताल परत आणणे अवघड होते.

"म्हणजे उद्याच ऑपरेशन?" मुलाने विचारले.

"नाही. गोळी एक दिवसही थांबू शकत नव्हती. हे दोन-तीन महिने थांबेल, दोन-तीन वर्षं मात्र नाही," डॉक्टर म्हणाले.

तालाच्या गोळ्यांवर लग्न पार पडले. नानांनीच कन्यादान केले. गोळ्या घेऊनही झटके येतच होते, म्हणून आषाढात त्यांनी ॲब्लेशन करून घेतले. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उठणारे चुकार विद्युतसंकेत अडवतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो आणि कधी पुन्हाही करावे लागते, हे आधीच सांगितले होते. पहिले काही आठवडे धडधड झाली, मग थांबली.

"आता ठोके सरळ झाले, गोळी बंद करू?" नानांनी विचारलेच. डॉक्टरांनी नकार दिला. 2002 च्या त्याच अभ्यासात पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेकांनी वॉरफरिन सोडले होते किंवा त्यांना ते पुरेसे मिळत नव्हते. ताल सुधारला तरी वय आणि रक्तदाब जागेवरच असतात.

आता रोज सकाळी चहा झाला, की माई घड्याळासमोर पूर्ण एक मिनिट नानांची नाडी मोजतात. ताल बिघडलेला वाटला तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता थेट इस्पितळ! वडिलांच्या वेळी कुणी धरली नव्हती ती नाडी माई आता एकही दिवस चुकवत नाहीत.