दादर-परळच्या वाटेवरील सावधानता

कोल्हापूर, सांगली, मिरजेकडून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला प्रवासी सकाळी दादरला उतरतो, तेव्हा सामानाबरोबरच त्याच्यापाशी घरच्या वडीलधाऱ्यांनी दिलेल्या सूचनांचेही गाठोडे असते. पाकीट आतल्या खिशात ठेवावे, गळ्यातले काढून ठेवावे, अनोळखी माणसाचे काही खाऊ नये. या सूचना खोट्या नाहीत आणि त्या पाळाव्यातच. परंतु मुंबईच्या या मध्यभागात ज्या आपत्तींनी माणसे गेली, त्यांपैकी मोठ्या आपत्तींत खिसेकापूचा हात नव्हता. चोराच्या भीतीने छातीशी पिशवी धरून चालणारा माणूस पुलाच्या जिन्यावर, तुंबलेल्या पाण्यात किंवा धावत्या गाडीच्या दारात मात्र पुष्कळदा बेसावध असतो. जपायचे कुठे, हे ठाऊक नसणे हाच परक्या प्रवाशाला इथला सर्वांत मोठा धोका आहे.

या भागात बाहेरगावच्या माणसाला यावे लागतेच. कुणी दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी उभारलेल्या, गिरगावातील सी. पी. टँकजवळच्या हिराबागेत उतरतो. कुणाला झवेरी बाजारात काम असते. कुणी लग्नाचा बस्ता बांधायला दादरला येतो, तर कुणी भाद्रपदात लालबागच्या गणपतीच्या दर्शनाला. आणि फार मोठ्या संख्येने माणसे परळला येतात ती रुग्ण घेऊन. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय ही दोन्ही इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. हातात तपासण्यांची फाइल, सोबत थकलेला रुग्ण, रात्रीचे जागरण आणि नंबर चुकेल ही धास्ती, अशा अवस्थेतील माणसाला घाई टाळा असे सांगणे सोपे नाही. पण त्याच्याच जिवासाठी ते सांगितले पाहिजे.

२०१७ साल या दृष्टीने विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षाच्या चार महिन्यांत, परळ, प्रभादेवी आणि लोअर परळ या एकमेकांना लागून असलेल्या भागांत तीन दुर्घटना घडल्या. योगायोगाने तिन्हींची तारीख एकोणतीस होती.

पहिली २९ ऑगस्टची. त्या दिवशी मुंबईत मुसळधार पाऊस कोसळत होता. नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांची मोटार पाण्यामुळे अडकली. घर फारसे दूर राहिलेले नव्हते. ते मोटारीतून उतरून छत्री घेऊन पायी निघाले आणि पाण्याखाली उघड्या असलेल्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या समुद्राकाठी सापडला. ज्या माणसाला हा परिसर परका नव्हता, त्याचीही ही गत झाली.

दुसरी २९ सप्टेंबरची, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाची मोठी सर आली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर माणसे आडोशाला थांबली. खालून गाड्या येत राहिल्या, प्रत्येक गाडीतून नवी माणसे जिना चढत राहिली, पण पुढची माणसे हलेनात. त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. कुणाचे तरी फूल पडले आणि गोंगाटात ‘पूल पडला’ असे ऐकू गेले, अशी जबानी बचावलेल्या एका प्रवाशाने चौकशीत दिल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. पूल पडला नव्हता. तो जागच्या जागी उभा होता.

तिसरी २९ डिसेंबरची. मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागली. तीत १४ जण दगावले. धुरात वाट न सापडल्याने अनेकांनी प्रसाधनगृहाचा आसरा घेतला होता आणि तिथेच ते गुदमरले.

पाणी, गर्दी आणि धूर. तिन्ही ठिकाणी बाहेर पडण्याची वाट एकतर दिसत नव्हती, नाहीतर अडलेली होती. यंत्रणेचे दोष होतेच. त्यांवर चौकश्या झाल्या, काही सुधारणाही झाल्या. सैन्यदलाने उभारलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. मॅनहोलच्या झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. तरीही प्रवाशाने आपली सावधगिरी यंत्रणेवर सोपवून मोकळे होणे शहाणपणाचे नाही.

हा भाग इतका दाटीचा का झाला, हे कळले म्हणजे सावध कुठे राहायचे तेही कळते. लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. गिरणीचा भोंगा झाला की कामगार चाळीतून निघून पायी गिरणीत पोहोचत असे. घर आणि काम यांत आगगाडी येत नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. या कचेऱ्यांतील नोकरदार मात्र चाळीत राहत नाहीत. ते विरार, कल्याण, पनवेलकडून रोज लोकलने येतात. वस्तीचा भाग कामाचा झाला, पण रेल्वेचे जिने आणि पूल वर्षानुवर्षे जुन्याच मापाचे राहिले. म्हणून सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळांत परळ, प्रभादेवी, करी रोड, लोअर परळ या स्थानकांवर सामान घेऊन उतरणे शक्यतो टाळावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांनी तर परतीची वेळ चारच्या आतच धरावी, म्हणजे नेमही पाळला जाईल आणि गर्दीही चुकेल.

पुलावर गर्दी दिसली तर फलाटावरच भिंतीच्या किंवा खांबाच्या आधाराने थांबावे. दोन गाड्यांची माणसे निघून जाऊ द्यावीत. जिन्यावर असताना काही पडले तर वाकून उचलू नये, मग तो मोबाइल असो की चप्पल. पावसाची सर आली म्हणून जिन्याच्या तोंडाशी थबकू नये, कारण मागच्याला पुढचे दिसत नसते. लोटालोटी सुरू झालीच तर दोन्ही हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखावी, प्रवाहाविरुद्ध न जाता तिरपे सरकत कडेला यावे. लहान मुलाला बोटाला धरून चालवण्यापेक्षा कडेवर घ्यावे.

दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य असे दोन रेल्वेमार्ग एकत्र येतात. पूर्वी दोन्ही मार्गांच्या फलाटांना एकच क्रमांक असल्याने नवख्यांची फसगत होई. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम मार्गाचे फलाट १ ते ७ आणि मध्य मार्गाचे ८ ते १४ अशी सलग मोजणी झाली आहे. जुन्या आठवणीवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चुकीच्या फलाटावर उतरलेल्याने रूळ ओलांडण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांतील मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा, त्याखालोखाल गाडीतून पडणाऱ्यांचा असतो. मुंबईतील खिसेकापूंची एवढी चर्चा होते, या आकड्याची मात्र होत नाही. करी रोड आणि चिंचपोकळीला जलद गाडी थांबत नाही. चढल्यावर हे कळले तर धावत्या गाडीतून उतरण्याची धडपड करू नये. पुढच्या स्थानकावरून परतायला थोडाच वेळ लागतो. कर्करुग्णाला दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून प्रवास करता येतो, ही सोय अनेकांना ठाऊक नसते. रुग्णालयाचे कागद मात्र जवळ हवेत.

स्थानकाबाहेर आल्यावर एक खूण उपयोगी पडते. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाही. रिक्षाला माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस परवानगीच नाही. तेव्हा दादरला ‘रिक्षाने सोडतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यामागे जाऊ नये. मीटरवर चालणारी काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी. २०२५ साली पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोने दादर आणि गिरगाव ही दोन्ही ठिकाणे जोडली गेली आहेत. वृद्ध माणसाला आणि सामान असलेल्याला हिराबागेकडे जायला हा मार्ग लोकलपेक्षा निर्धोक आहे.

परळच्या रुग्णालयांच्या दाराशी वेगळी सावधानता लागते. ‘लवकर नंबर लावून देतो’, ‘स्वस्तात खोली देतो’ असे म्हणत जवळ येणाऱ्याला पैसे किंवा मूळ कागदपत्रे देऊ नयेत. नोंदणी रुग्णालयाच्या खिडकीवर होते आणि निवाऱ्याची चौकशी समाजसेवा विभागात करता येते. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांनी असंख्य रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा दिला आहे. धर्मशाळा असो वा लॉज, खोलीत सामान ठेवल्यावर प्रथम जिना कुठे उतरतो आणि दुसरी वाट कोणती, हे पायी जाऊन पाहून ठेवावे. धूर झाला तर खाली वाकून, ओला कपडा नाकाला लावून जिन्याकडे निघावे. लिफ्टमध्ये जाऊ नये आणि स्नानगृहात दार लावून बसू नये.

पावसाळ्यात हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट असल्याने पाणी तिथे साचते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वर असते, गटारांतील पाणी बाहेर पडत नाही. महापालिकेने पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्यापासून निचरा लवकर होतो, तरी अतिवृष्टीचा दिवस तो अतिवृष्टीचाच. जैन परंपरेत ईर्यासमिती सांगितली आहे, ती चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्याची. जीवरक्षणासाठी सांगितलेला तो नियम इथे स्वतःच्या जिवालाही लागू पडतो. जमीन दिसत नसेल तर पाऊल टाकू नये. मुसळधार पावसाच्या दिवशी त्या दिवसाच्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात पाहावी. पाणी घोट्याच्या वर आले की जवळच्या इमारतीत, दुकानात, देवळात थांबावे. २६ जुलै २००५ च्या महापुरात याच शहरातील लोकांनी अनोळखी माणसांना रात्रभर घरात ठेवून घेतले, चहा-जेवण दिले. थांबायला जागा मागण्यात संकोच मानू नये.

लालबागला गणेशोत्सवात जाणाऱ्याने दागिने घरी ठेवावेत. १९३४ पासूनच्या लालबागच्या राजाच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत मोबाइल आणि सोनसाखळ्या चोरीस गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येतात, तेव्हा वडीलधाऱ्यांची सूचना इथे शब्दशः पाळावी. नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते. वृद्धांनी आणि मुलांना घेऊन आलेल्यांनी मुखदर्शनावर समाधान मानावे. घरातल्या सर्वांनी चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे आणि मुलाच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरही हाच नियम.

आता घातपाताविषयी. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर या तीन ठिकाणी काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना सांगावे, हा नियम तेव्हापासून लहान मुलालाही पाठ आहे. त्याहून कमी आठवली जाणारी गोष्ट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपली खोली सोडून गेले नाहीत. लोकलच्या फलाटांवरील प्रवाशांनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांचे शब्द ज्यांनी ऐकले, असे शेकडो प्रवासी वाचले. कानांत यंत्रे घालून फलाटावर उभ्या राहणाऱ्याला असा आवाज ऐकू येणार नाही. स्थानकात असताना कान मोकळे ठेवावेत.

चार क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवावेत. कोणत्याही आपत्कालीन प्रसंगी ११२, रेल्वेत १३९, पाणी तुंबणे, झाड किंवा घर पडणे यांसाठी महापालिकेचा १९१६, आणि स्त्रिया व ज्येष्ठ नागरिकांसाठी मुंबई पोलिसांचा १०३. वाट विचारायची तर बंदोबस्तावरच्या पोलिसाला, हमालाला, फुलवाल्या मावशींना विचारावी. रोज तिथे उभी राहणारी ही माणसे आजचा कोणता जिना मोकळा आहे आणि कुठे पाणी भरले आहे, हे इतर कुणापेक्षाही अचूक सांगतात.

मुंबईत येताना प्रत्येक कामाच्या वेळेत पाऊण तास जास्त धरावा. रुग्णालयाची दहाची वेळ असेल तर सव्वानऊलाच आवारात असावे. तो पाऊण तास हाताशी असला की पुलावर घुसावेसे वाटत नाही, सुटती गाडी धावून पकडावीशी वाटत नाही आणि पाण्यातून वाट काढावीशीही वाटत नाही. पैसे आतल्या खिशात ठेवण्याइतकीच ही वेळ राखून ठेवणेही महत्त्वाचे आहे.