पिंपरी ते देहूरोड, चाकणमार्गे

२५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर जायचे, हा आमच्या घरचा नेम. गेल्या खेपेला आबा म्हणाले, "आधी चाकणला चला. नातू कुठं राबतो ते मला बघायचंय."

कारण घरात सर्वांना ठाऊक होते. माझा मुलगा चाकणला कंत्राटी कामावर आहे. कारखान्याजवळ खोली बघायला गेला, तर मालकाने आधी आडनाव विचारले आणि मग खोली कालच गेल्याचे सांगितले. पोरगा चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. काम सोडतो, एवढेच म्हणाला.

पिंपरीच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून आम्ही तिघे निघालो. आबा बीड जिल्ह्यातून इथे आले ते १९७२ च्या दुष्काळात. गावाकडे खडी फोडून आणि मिलोची भाकरी खाऊन दिवस निघत नव्हते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासूनचा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे माळरानावर शेडमागून शेड उभी राहिली. आबा आधी बिगारी, मग बदली आणि सहा वर्षांनी कायम झाले.

भोसरी, मोशी मागे टाकून चाकण आले. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथल्या संग्रामदुर्गात शाइस्ताखानाच्या फौजेला पन्नासावर दिवस झुंजवले. पुढे गाव कांद्याच्या बाजाराने ओळखले गेले, आता मोटारींच्या कारखान्यांनी. पाळी सुटत होती. मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची पोरे गळ्यात ओळखपत्र अडकवून बाहेर पडत होती.

"यातले कायम किती?" आबांनी विचारले.

मुलगा हसला. "कायम कुठलं, आबा? काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवा कागद."

टपरीवर चहा घेताना आबा बोलू लागले. "मलाबी खोली कुणी देत नव्हतं. शेवटी आपल्यातल्याच एका कामगारानं पत्र्याच्या खोलीत जागा दिली. आठ जण होतो. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वाकळ त्याची. त्या माणसानं आमच्याकडनं दर पगाराला एक रुपया जादा घेतला, विहारासाठी. त्याच विहारातल्या अभ्यासिकेत तुझा डिप्लोमा झाला."

"पन्नास वर्षांनीबी दारात तोच प्रश्न, आबा?"

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रश्न तोच हाय. पर मला तवा सहीबी येत नव्हती. तू कागद वाचतोस. काम सोडायचं तर चांगलं मिळाल्यावर सोड. त्या मालकापायी सोडू नको."

तळेगावमार्गे देहूरोडला निघालो. तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. मी मुलाला सांगितले, बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. आबांना आठ तासांची पाळी मिळाली ती अशी.

देहूरोडला गर्दी होती. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी इथे २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते स्थापन केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्याही आधी. त्रिशरण, पंचशील झाले. आबांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, ते उभेच राहिले. मुलगा त्यांच्या काठीसारखा शेजारी उभा होता.

त्याने काम सोडले नाही. पाच मित्रांनी मिळून चाकणला खोली घेतली आहे. पाचही जणांनी कंत्राटदाराकडे पगाराची चिठ्ठी आणि प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर एकत्र जाऊन मागितला. एकट्याला आजवर तो मिळाला नव्हता, पाच जणांना मिळाला.

आबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "आता पगाराला एक रुपया काढताय का?"

आता दर महिन्याला शंभर रुपये निघतात. बांधवहो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही एकदा विचारा, ते या शहरात कसे आले. पोरांना ते ऐकू द्या. जयभीम!