नाखवांचं इंजिन

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं, की गव्हाण फाट्याच्या आसपास कंटेनर दिसायला लागतात. लाल, निळे, तपकिरी, एकावर एक रचलेले. ट्रेलरच्या रांगा तर विचारूच नका. आमची गाडी अर्धा तास एकाच जागी उभी होती. जुलैचा पाऊस आणि खिडकीची काच बंद होत नव्हती.

‘न्हावा शेवा’ हे नाव जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर असतं. पण मुलांनो, न्हावा आणि शेवा ही दोन वेगळी गावं, हे किती जणांना ठाऊक आहे? जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं, ते शेव्याच्या बाजूला. तिथल्या कोळीवाड्याला घरं सोडून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात जावं लागलं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. बंदर पाहायला जाल तेव्हा हेही लक्षात असू द्या.

न्हावा मात्र आहे तिथंच आहे. खलाशांना शिक्षण देणारी ‘रहमान’ ही जुनी संस्था याच गावात. ओएनजीसीचा तळही इथंच, समुद्रातल्या तेलविहिरींना सामान इथून जातं. समोर घारापुरीचा डोंगर. एका बाजूला २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू पावसात अर्धाच दिसत होता, जणू कुणी रबरानं पुसलाय.

मी गेले होते माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी. त्याचे आजोबा नाखवा, म्हणजे बोटीचे मालक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बोट ओढून वर घेतलेली, शाकारलेली. तिच्या पोटात एक मिस्त्री तेलानं माखून बसला होता. घरात वाद चालू होता आणि तो मला फारच आवडला.

वाद असा. इंजिन गेल्या हंगामात सारखं तापत होतं. काळा धूर सोडत होतं. एकदा तर भर समुद्रात बंद पडलं आणि दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. मुलाचं म्हणणं, आता दुसऱ्या कंपनीचं जास्त ताकदीचं घ्यायचं. जहाजांच्या वाटेत जाळी टाकता येत नाहीत, मासळीसाठी लांब जावं लागतं, मग जुन्या इंजिनावर किती दिवस काढायचे? नाखवा म्हणाले, “बाई, इंजिन काय बेइमान नाय. वीस वर्षं पोसलंय त्यानं आम्हाला. आणि कर्ज काढलं तर दोन हंगाम बँकेसाठीच मासे मारायचे.”

तेवढ्यात नातू मध्येच बोलला, “आजोबा, फोर्स इंडियानं बदललं होतं की इंजिन!”

हा आमचा मोटार शर्यतींचा पंडित. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फोर्स इंडिया हा विजय मल्ल्यांचा फॉर्म्युला वन संघ. २००८ साली त्याच्या गाड्यांना फेरारीची इंजिनं होती. फेरारी म्हणजे केवढं नाव! पण वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. २००९ साठी संघानं मर्सिडीजचं इंजिन घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा इथं फिसिकेला सर्वांत पुढून सुटला आणि दुसरा आला. संघाचे ते पहिले गुण. गंमत म्हणजे त्या दिवशी पहिला आला तो फेरारीचाच रायकोनेन!

“बघा,” नाखवांचा मुलगा म्हणाला. “बदललं की झालं.”

पण मीही त्या पोराकडून ऐकून ऐकून थोडं शिकले होते. मी मॅक्लारेनची गोष्ट काढली. या संघानं २०१५ मध्ये मर्सिडीज सोडून होंडाचं इंजिन घेतलं. तीन वर्षं नुसते हाल. इंजिन बसवायला गाडीच्या मागच्या भागात जागा अगदी चिंचोळी ठेवली होती, त्यात ते दाटीनं बसवलेलं. कधी ताकद कमी, कधी सरळ बंद. शेवटी २०१८ ला होंडाला रामराम. आणि त्याच होंडाचं इंजिन २०१९ पासून रेड बुलनं घेतलं, तेव्हा २०२१ मध्ये त्यांचा व्हर्स्टापेन जगज्जेता झाला! मॅक्लारेन मग २०२१ ला पुन्हा मर्सिडीजकडे आलं आणि २०२४ चं संघांचं विजेतेपद त्यांनी मिळवलं.

“म्हणजे इंजिन चांगलं का वाईट?” नाखवांनी विचारलं. सगळे गप्प.

बोटीतून मिस्त्रीचा आवाज आला, “पंखा कोणी बदलला?”

पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात फिरतो तो. शर्यतीच्या मोटारीचं इंजिन मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतं. बोटीचं डिझेल इंजिन दीड-दोन हजार, आणि गिअरबॉक्स ते आणखी कमी करून पंख्याला देतो. पंखा मोठा लावला की बोट जास्त पाणी ढकलते खरी, पण तो फिरवायला इंजिनाला झेपलं पाहिजे. नाही झेपलं तर पूर्ण फेरे गाठता येत नाहीत, डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि इंजिन तापतं. एखाद्या लहान मुलाला मोठ्या माणसाची सायकल दिल्यासारखं.

नाखवांच्या मुलानं मान खाली घातली. आदल्या वर्षी जास्त वेग मिळावा म्हणून मोठा पंखा त्यानंच आणला होता.

“म्हणून मी म्हणतो,” मिस्त्री बाहेर येत हात पुसत म्हणाला, “नवीन इंजिन घ्याल तर बेड बदलायचा, शाफ्ट बदलायचा, थंड करायचे पाइप बदलायचे. खर्च नुसत्या इंजिनाचा धरू नका. आधी जुना पंखा चढवा.”

पण मुलगाही चुकीचं बोलत नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. जुन्या पंख्यानं लांबचा समुद्र जवळ येणार नाही. शर्यतीतले संघ तरी एकदा बदलून थांबतात कुठं? फोर्स इंडियाचा तो संघ हात बदलत आता ॲस्टन मार्टिन झालाय आणि २०२६ पासून मर्सिडीज सोडून होंडाकडे गेलाय. हो, त्याच होंडाकडे!

चहा झाला, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी झाली. निरोप घेताना पलीकडे एक कंटेनरचं जहाज संथपणे बंदराकडे चाललं होतं. तिघंही बोलणं थांबवून तिकडे बघत होते.

नारळी पौर्णिमा होऊन गेली. त्यानंतरच्या सोमवारी आमचे पंडित दप्तर न ठेवताच टेबलापाशी आले.

“बाई, तापलं नाही! जुन्या पंख्यावर पूर्ण फेरी मारली.”

“मग आता नवीन इंजिन रद्द?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “बाबांनी कंपनीचा कागद फाडला नाही. गणपतीच्या फोटोमागे ठेवलाय.”