नामदेवांचं तूप

भुऱ्या पहिल्यांदा ताटलीवरून गुरगुरला, तेव्हा आईला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. “ज्याच्या हातचं खातोस त्याच्यावरच?” मी झाडू उगारला. तो गप्प झाला. वळण लागलं, असं मला वाटलं.

चार दिवसांनी खाली पडलेली पोळी उचलायला वाकले आणि त्यानं आवाजही न करता माझं मनगट धरलं. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली, लगेच जाऊन इंजेक्शन घेतलं. गुरगुरून सूचना द्यायची त्याची भाषा मीच धाकानं बंद केली होती. हे अजून सलतं.

नानाखेड्याच्या बसस्टँडजवळ पावसात सापडलेलं पिल्लू ते. काळभैरवाच्या या उज्जैनीत कुत्र्याला देवाचं वाहन म्हणून हात जोडतात, आणि त्याच्याच तोंडचा तुकडा दगड मारून सोडवतातही. त्यानं काय काय पाहिलं असेल!

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी दात, हिरड्या, पोट तपासलं. दुखणं असलं तरी कुत्री खाताना चिडतात. दुखणं नव्हतं. मग रोजचा क्रम ठरला. तो जेवत असताना सात-आठ पावलांवरून जायचं, पनीरचा तुकडा ताटलीकडे टाकायचा आणि न थांबता निघून यायचं. अंग ताठलं, घास भराभर गिळायला लागला, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसला, की दुसऱ्या दिवशी आणखी लांबून. ताटलीत हात घालायचा नाही. भाचा आला की भुऱ्याचं जेवण बंद खोलीत.

त्या दिवसांत नामदेवांची गोष्ट सारखी आठवायची. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. लहानपणी मला त्यात फक्त नामदेव दिसायचे. आता ते कुत्रं दिसतं, जिवाच्या आकांतानं पळणारं. मागच्या माणसाच्या हातात तूप आहे, हे त्याला कुणी सांगायचं?

दोन महिन्यांनी भुऱ्यानं माझी चाहूल लागताच ताटलीतून मान वर केली. शेपूट हलत होतं. मी पनीर टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हाडूक मिळालं की अजूनही तो जिन्याखाली जाऊन बसतो. तेवढा वेळ आम्ही कुणी तिकडे फिरकत नाही.